कुंपणाबाहेरचा भात

फोंडा तालुक्यातल्या मसाल्याच्या बागांमध्ये पर्यटकांच्या गाड्या साधारण अकराच्या सुमाराला येऊन थांबतात. आधी हातात गवती चहाचा पेला, मग तासाभराची फेरी. ही मिरवेल, हे जायफळ, ही दालचिनी, पान चुरडून वास घेऊन बघा. एक गडी सरसर पोफळीवर चढतो, शेंडा झुलवत शेजारच्या पोफळीवर जातो, खाली टाळ्या पडतात. मग झावळ्यांच्या मांडवात केळीच्या पानावर जेवण. शहरातून आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी पहिल्या दोन घासांतच म्हणतो, ‘‘सगळं इथलंच! एवढी जागा असली की बाजाराचं तोंड बघायला नको.’’

पान इथलेच, यात वाद नाही. माशाच्या हुमणात वाटलेला नारळ इथला. सोलकढीतले कोकम, हळद, मिरी, केळे, अननसाची फोड, हंगाम असला तर फणसाची भाजी, सगळे इथले. पण मधोमध वाढलेला भात पोत्यातून आलेला असतो आणि ते पोते दुकानातून. वरणाची डाळ घाटावरची. मीठ, मिरची, कांदा आणि मासळीही कुंपणाबाहेरची. पदार्थांची नावे मोजली तर बाग जिंकते. पानातल्या ऐवजाचे वजन केले तर गडबडते.

पाहुण्याचा प्रश्न मात्र भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याची बरीच माणसे कर्जत, मुळशी, वाई, दापोलीकडे दहा-अकरा गुंठे घेऊन बसली आहेत. आंबा, फणस, शेवगा, केळी, खाली हळद-अळू अशी दाट लागवड करायची, नांगर लावायचा नाही, आणि पाच-सात वर्षांत त्या जंगलातून घर चालवायचे, असे स्वप्न. त्याला ‘फूड फॉरेस्ट’ हे नाव आता गावच्या रोपवाटिकावाल्यालाही पाठ झाले आहे. प्रश्न एकच: एवढ्यात भागते का? आणि एवढ्यात नाही, तर केवढ्यात?

उत्तर शोधायला कुळागरातूनच, म्हणजे गोव्याच्या या पारंपरिक बागेतूनच, सुरुवात करणे बरे, कारण ती कुणा तज्ज्ञाने कागदावर आखलेली नाही. सावईवेरे, केरी, प्रियोळ या बाजूला डोंगराच्या घळीत, झऱ्याच्या खाली, ती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. सर्वांत वर माड. त्याच्या खांद्याला पोफळी, काठीसारख्या सरळ. मध्ये फणस, आंबा, जायफळ, भिरंड. त्यांच्या खाली केळी: रसबाळी, साळदाटी. पोफळीच्या अंगावर मिरवेल आणि पानवेल. बांधावर अननस, आणि जमिनीत सुरण, हळद, आले, अळू, कणग. झऱ्याचे पाणी पाटाने येते. पाण्यावरचा गडी एका आळ्याचे तोंड पायाने उघडतो, आळे भरले की तिथेच मातीचा पेंड दाबतो आणि पुढच्या पोफळीकडे सरकतो. कुठे पाट ओलांडायचा असला तर पोफळीची गळलेली विरी आडवी टाकून तिचीच पन्हळ करतात. उन्हाळ्यात भर दुपारी आत शिरले की कपाळावरचा घाम आपोआप सुकतो.

एवढ्या दाटीतून काय निघते? सुपारी. कुळागराचा खरा पैसा तिचा. थंडीपासून पिकलेल्या सुपाऱ्या अंगणात पसरतात आणि त्या वाळायला चाळीसेक दिवसांचे ऊन लागते. मग नारळ, मिरी, केळी, जायफळ. म्हणजे ज्या बागेला जगभरचे लोक स्वयंपूर्णतेचा नमुना म्हणून बघायला येतात, तिचे मुख्य पीक कुणाच्या पोटात अन्न म्हणून जातच नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीची नोंद कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केली. कुळागराने माणसे जगवली ती सुपारी विकून आणलेल्या तांदळावर, किंवा त्याच घराच्या खालच्या शेतात पावसाळी सरदाला आणि नंतरच्या वायंगणाला पिकलेल्या भातावर. घळीत कुळागर, सपाटीला भातशेती, नदीकाठी खाजन म्हणजे खारजमीन: गोव्याच्या गावाची जमीन अशी तीन पायऱ्यांत वाटलेली होती. तरीही पोर्तुगीज काळात गोव्याला तांदूळ बाहेरून आणावा लागे.

वनबाग हा शब्द मात्र इथून गेलेला नाही, तो इंग्लंडातून आला. श्रॉपशर परगण्यात वेनलॉक एज नावाच्या डोंगरकडेला रॉबर्ट हार्ट हा माणूस अधू भावाला घेऊन राहत असे. १९६०च्या दशकात तो तिथे गाईगुरे पाळून छोटी शेती करी, आणि ती झेपेना. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की घराजवळच्या बारमाही भाज्या आणि औषधी झाडांचा वाफा कुणी न बघता आपला आपण चालला आहे. त्याने तोच वाढवला. उंच झाडे, बुटकी फळझाडे, झुडपे, पालेभाज्या, जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती, कंद आणि वेल असे सात थर त्याने सांगितले. १९९१ साली त्याचे वनबागेवरचे पुस्तक आले आणि ही कल्पना जगभर पसरली. केरळातल्या परसबागांचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले होते. कोकणातल्या एखाद्या आजीला हे सात थर सांगितले तर ती ‘‘बरं, मग?’’ असे म्हणेल, तो भाग निराळा.

हार्टची बाग केवढी होती? ०.१२ एकर. आपल्या मापाने पाच गुंठ्यांना थोडी कमी. हा आकडा पुढे पुष्कळ मिरवला गेला, पण त्यासोबत हार्टचे जेवण कुणी फारसे सांगत नाही. तो बहुतेक कच्चे खाई: पाला, फळे, सुकामेवा. दोन वेळा भाकरी किंवा भात लागणाऱ्या घराशी त्या पाच गुंठ्यांची तुलना करणे म्हणजे उपवासाच्या फराळावरून लग्नाचा शिधा काढणे. डेव्हन परगण्यातल्या डार्टिंग्टन इथे मार्टिन क्रॉफर्ड याने १९९४ साली लावलेली बाग २.१ एकरांची, म्हणजे ८४ गुंठ्यांची आहे आणि तीत पाचशेहून जास्त जातींच्या वनस्पती आहेत. पण तिची कीर्ती अभ्यासाची बाग म्हणून. तिथून रोपे, पुस्तके आणि अभ्यासवर्ग जगाला मिळाले. एका घराचे धान्य भरावे, हा तिचा हेतूच नव्हता.

मराठी वाचकाला या प्रश्नाचा एक घरचा आकडा माहीत असतो: दहा गुंठे. तो कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांचा. गणिताचे प्राध्यापक, आणि शेतात शिरले ते गणित घेऊनच. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे जे जाळे विणले, त्यातून सांगली भागातल्या द्राक्षबागाईतदारांनी जे केले ते कृषी विद्यापीठांनाही नंतर शिकावे लागले. दाभोळकरांचे म्हणणे असे, की शेती म्हणजे पानांवर पडणारे ऊन गोळा करण्याचा उद्योग. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरे, फक्त त्या दहा गुंठ्यांवर पडणारे ऊन वाया जाता कामा नये. पाने कधी कोवळी, कधी पक्व, कधी जून होतात, त्यांचा हिशेब ठेवा, गळलेले सगळे मातीत परत घाला. हे सांगताना ते धड आदर्शवादी वाटत नसत, की धड व्यापारी. आकडे मांडणाऱ्या माणसाचा एक निश्चिंतपणा त्यांच्यापाशी होता.

मग तो आकडा तपासायला हरकत नाही. माणशी दिवसाला सरासरी २,००० उष्मांक धरू. वर्षाला ७ लाख ३० हजार. पाच माणसांना ३६ लाख ५० हजार. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाकाठी ३,६०० उष्मांक, तांदळाच्या भाषेत एक किलोहून थोडे जास्त. एकरी हिशेबाने ४० क्विंटलच्या वर खाण्याजोगा ऐवज. आता कोकणातले साधे भातशेत घ्या. एकरी १२ क्विंटल भात धरले, त्यातून पावणेआठ-आठ क्विंटल तांदूळ निघेल. एका पिकावर त्या एकरात पावणेचार माणसांचे उष्मांक भागतात. माणशी पावणेअकरा गुंठे. दाभोळकर मागतात माणशी दोन गुंठे. म्हणजे साध्या भातशेताच्या पाचपट.

अशक्य आहे? गंमत अशी, की दाभोळकरांच्या स्वतःच्या जिल्ह्यात हे रोज घडते. कोल्हापूरकडचा चांगला शेतकरी एकरी ३५ टन ऊस काढतो. साखर उतारा १२ टक्के धरला तर एकरी चार टनांवर साखर, दहा गुंठ्यांत एक टनाहून अधिक. उष्मांक ४० लाखांच्या घरात. पाच माणसांचा हिशेब चुकता करून वर काही शिल्लक! आडसाली ऊस शेत दीड वर्ष अडवतो हे खरे, पण सुरू उसालाही गणित फार बिघडत नाही. म्हणजे दहा गुंठ्यांवर पडणारे ऊन खरोखरच पाच माणसांना पुरेसे आहे, दाभोळकरांचे गणित चुकलेले नाही. फक्त पाच माणसे वर्षभर साखर खाऊन राहणार नाहीत. जमीन किती लागते हा प्रश्न उष्मांकांत विचारला की उत्तर फसवे येते, ते असे.

माडाचेही तेच. साडेसात मीटर अंतराने लावले तर एकरात ७० माड बसतात. झाडाला वर्षाला ७० नारळ धरू, आणि एका पक्व नारळाच्या खोबऱ्यात सुमारे हजार उष्मांक. एकरी ४९ लाख. भाताच्या जवळजवळ पावणेदोनपट, तेही दरवर्षी नांगरणी, चिखलणी, लावणी काहीही न करता. माणशी सहा गुंठे! पण हे खरे करायचे तर घरातल्या प्रत्येकाने रोज दोन अख्खे नारळ खायचे आणि दुसरे काही नाही. त्यातून प्रथिने मिळतील वीस ग्रॅमच्या आसपास. गरज पन्नासच्या आसपास. नारळाने जेवण होते ते वाटणाच्या वाटेने, आणि पाच जणांचे घर सढळ हाताने वापरूनही दिवसाला एक नारळ संपवते. उरलेले विकायचेच असतात.

विकायचेच असतात, हे कोकणच्या कृषी विद्यापीठाने उघड मान्य करून टाकले आहे. त्याच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ नावाची रचना बसवली. कोकणात ती बरीच गाजली. तिची आखणी डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. दहा-दहा माडांच्या सात ओळी, एकूण ७०. चार माडांच्या चौकोनाच्या बरोबर मध्यावर एक जायफळ. असे मध्य निघतात नऊ गुणिले सहा, म्हणून जायफळे ५४. प्रत्येक माडावर दोन मिरवेली, म्हणून १४०. मधल्या मोकळ्या पट्ट्यांत दालचिनी. यामागे पक्के शास्त्र आहे: माडाची बहुतेक कामाची मुळे बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, म्हणजे माडाला दिलेल्या जागेचा चौथा हिस्साही तो मुळांनी वापरत नाही. उरलेल्या जागेत दुसऱ्याने जगावे. कासरगोडच्या संशोधकांनी बहुमजली पिकांचे हे तत्त्व १९७०च्या दशकात मांडले होते. बाग देखणी आहे, हिशेबाला चोख आहे, पण नावातच लाख आहेत आणि ते रुपयांचे. त्या ५४ जायफळांनी आणि १४० मिरवेलींनी ताटात पडते ते चिमूटभर.

मग झाडांच्या बागेवर खरोखर पोट भरणारी माणसे जगात कुठे आहेतच का? आहेत. किलिमांजारो पर्वताच्या दक्षिण उतारावरचे चग्गा लोक. त्यांच्या बागा पाहून कुळागराची आठवण येऊ नये असे होणार नाही. वर मोठी झाडे, मध्ये केळी, खाली कॉफी, त्याखाली कंद आणि भाज्या. पर्वतावरच्या ओढ्यांचे पाणी ‘म्फोंगो’ नावाच्या पाटांनी उतारावर फिरवलेले. गुरे गोठ्यातच बांधलेली, त्यांना केळीचे सोपट आणि गवत, आणि शेण परत केळीला. फरक एकच, पण तो मुळाचा आहे: चग्गांचे मुख्य अन्नच केळे. शिजवायचे हिरवे केळे हा त्यांचा भात. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या बागांचा सरासरी आकार ०.६८ हेक्टर भरला, म्हणजे सुमारे ६७ गुंठे. आणि तरीही बहुतेक कुटुंबांचा खाली उष्ण सपाटीवर, घरापासून काही कोसांवर, मक्याचा आणि घेवड्याचा वेगळा तुकडा असतोच.

जावा बेटावर घराभोवतीच्या दाट बागेला ‘पेकारांगान’ म्हणतात. त्या बागांची १९३०च्या दशकात, डच अमलात, ओखसे आणि टेरा या दोघांनी कुतोविनांगुन भागात मोजदाद केली. लोकांच्या एकूण खाण्यातले सुमारे १८ टक्के उष्मांक आणि १४ टक्के प्रथिने या बागेतून येत होती. मेहनत मात्र तिला फारच थोडी लागत होती. बाकीचे पोट भातखाचरावर. वाचताना आकडा लहान वाटतो खरा. पण बांधावरच्या चार झाडांनी आणि परड्यातल्या केळीने घराच्या खाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा उचलावा, तोही घरच्या बायकामुलांच्या फावल्या वेळात, याला थोडे म्हणणारा माणूस कधी बाजारातून भाजी आणत नसावा.

आपल्या जवळचे उदाहरण उंबरगावचे. हा तालुका १९६०पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, राज्ये झाली तेव्हा गुजरातेत गेला. तिथल्या देहरी गावात भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी. सावे हे आडनाव वसई-डहाणू पट्ट्यात नवखे नाही. शाळामास्तर असलेले सावे आधी रासायनिक खतांचे हिरिरीने प्रचारक होते, नंतर त्यांनी ती वाट सोडली. २००६ साली त्यांनी हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांना लिहिलेले खुले पत्र देशभर वाचले गेले. २०१५ साली, नव्वदी ओलांडून, ते गेले. जपानचे मासानोबु फुकुओका यांनी ही वाडी पाहून तिची तोंडभर स्तुती केली होती. सगळे मिळून १४ एकर. त्यात चिकू-नारळाची दाट बाग सुमारे दहा एकर, काही भाग रोपवाटिकेला, आणि दोनेक एकर वेगळे शेत. त्या शेतात भात आणि कडधान्ये फेरपालटाने. बाग बघायला येणारे बागेचे फोटो काढतात. दोन एकरांचे शेत फोटोत येत नाही. खुद्द फुकुओकांकडेही संत्र्यांची बाग साडेबारा एकरांची आणि भाताचे शेत सव्वा एकराचे होते. काहीही न करण्याच्या शेतीचा आचार्य दरवर्षी त्या सव्वा एकरात भात आणि बार्ली पेरायला विसरत नव्हता.

तर कोकणातल्या एका एकराचे काय? कागदावरच मांडून बघू, आणि माणसे खरेच जेवढे खातील तेवढेच मोजू. पाच जणांना दिवसाला एक नारळ: वर्षाला साडेतीन-पावणेचार लाख उष्मांक. शंभर केळी, प्रत्येकीचा दहा किलोचा घड, साल-दांडा वजा जाता साडेसहाशे किलो गर: साडेसहा लाख. हे खायचे तर माणशी रोज साडेतीनशे ग्रॅम केळे झाले. शिकरण, उंड्री, कच्च्याची भाजी, सुकेळी करून जमेल, पण पोरे कुरकुरतील. दोन मोठे फणस, झाडाला चाळीस फळे, फळ आठ किलोचे, त्यात गरे तीस टक्के: पावणेदोन लाख, आठळ्या वेगळ्या. सुरण, कणग, रताळी, अळकुड्या मिळून पाचशे किलो: साडेचार लाख. बाकी आंबे, पपई, शेवगा, पालेभाज्या यांचे उष्मांक थोडे, पण जीवनसत्त्वे त्यांच्यातच. बेरीज सोळा-सतरा लाख. गरज साडेछत्तीस लाखांची. म्हणजे एक एकर उत्तम, पाण्याची, राखलेली वनबाग पाच जणांच्या निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबते. उरलेले वीस लाख उष्मांक धान्य-कडधान्याचे. त्याला तीसेक गुंठे शेत. सत्तर गुंठे झाले. माणशी चौदा. किलिमांजारोच्या ६७ गुंठ्यांशेजारी हा आकडा येऊन बसतो तो योगायोगच, कारण तिथली कुटुंबे मोठी आणि खालचा तुकडा वेगळा. पण हिशेब हवेतला नाही एवढा दिलासा त्यातून घेता येतो.

या हिशेबात एक खाणारा धरलेला नाही. माकड. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठल्याही वाडीवाल्याला विचारा, केळी का लावत नाही. तो छपराकडे बोट दाखवेल. वानरे केळी ठेवत नाहीत, शहाळी पाडून फोडतात, आणि खाली सुरण-रताळ्यांचे वाफे रानडुक्कर रात्रीतून उलटेपालटे करते. पोट भरणारी जी चार पिके बागेत येऊ शकतात, नेमकी तीच जनावरांना आवडतात. सुपारी, जायफळ, मिरी यांना त्या मानाने त्रास कमी. कोकणातली बाग पोटाकडून पैशाकडे सरकली त्यामागे बाजारभाव आहेच, पण दुपारी राखणीला बसायला घरात माणूस उरला नाही हेही आहे.

आणि सत्तर गुंठ्यांवरही गोष्ट थांबत नाही. तिसरी जमीन राहिलीच. कारवारकडच्या घाटमाथ्यावर, शिरसी-सिद्धापूर भागात, हव्यक समाजाच्या पोफळबागा आहेत. हा मुलूख १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होता. तिथे पोफळबागेला जोडून ‘बेट्टा’ नावाची जंगलजमीन तोडून दिलेली असते. मालकी सरकारची, पण तिथला पाला आणि ढाळे बागाईतदाराने न्यायचे. तो पाला गोठ्यात अंथरायचा, शेणामुताने भिजला की पोफळीच्या मुळाशी. ब्रिटिश काळापासून याचे प्रमाण ठरलेले आहे: एक एकर बागेला नऊ एकरांपर्यंत बेट्टा. एकास नऊ! पंधरा-पंधरा पिढ्यांची म्हणून जी बाग दाखवली जाते, तिच्या पायाखाली दरवर्षी नऊ एकर डोंगराचा पाला येऊन पडत होता. आपल्याकडच्या भातशेताचीही तीच कथा. रोपांची जागा भाजायला लागणारा राब वरकस डोंगरातून, कवळे तोडून यायचा. सातबाऱ्यावर शेत अर्ध्या एकराचे, पण ते जगायचे चार एकर वरकसावर.

पाण्याचेही तसेच. कुळागर झऱ्याखाली बसते, आणि झरा वरच्या सड्यात मुरलेल्या पावसाचा. जांभ्याचा तो उघडाबोडका सडा पाहून कुणालाही ती पडीक जमीन वाटते. सत्तरी, डिचोली, सांगे या तालुक्यांत खनिजासाठी डोंगर कापले गेले तेव्हा खालच्या विहिरी आणि झरे आटल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. पाटाला पाणी नसले की कुळागर उभ्या-उभ्या सुकते. पोफळ तर पहिली मान टाकते. त्या सड्याचे गुंठे कुणी कुळागराच्या नावावर कधी मांडले नाहीत.

एक हिशेब जमिनीचा नाही, महिन्यांचा आहे. बागेतले खाणे एकदम येते. एप्रिल-मेमध्ये फणस, आंबा, काजू, करवंद, जांभूळ असा पूर लोटतो आणि मृगाचा पाऊस कोसळला की सगळे चिखलात. आषाढात अंगणात अळू, रानात टाकळा, भारंगी, फोडशी, पण चुलीवर चढवायला जडसे काही नाही. म्हणून मे महिन्यात कोकणी घराची अंगणे दिसतात तशी दिसतात: खाटेवर आमसुले, सुपात फणसपोळीची ताटली, पत्र्यावर आंबोशी. आठळ्यांना ओल्या मातीचा हात देऊन सुकवतात आणि मडक्यात भरून ठेवतात, म्हणजे कोंब येत नाही, कीड लागत नाही. श्रावणात त्यांतल्या मूठभर अळूच्या फदफद्यात पडतात. गोव्यात याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्यात मडगाव-म्हापशाला तिच्या नावाची जत्रा भरते. तिथे सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा आणि कोकम एकाच रस्त्यावर. नांगर न लावता चालणाऱ्या बागेला ही एवढी हातमेहनत लागते, तीही नेमकी वर्षातल्या सर्वांत गरम महिन्यात, आणि बहुतेक बायकांची. दहा गुंठ्यांच्या स्वप्नात हे सहसा कुणी रंगवत नाही.

त्याहून अडचणीच्या दिवसांसाठीही बागेत एक झाड असे. भेर्ली माड, कुणी त्याला सुरमाड म्हणतात. एरवी लग्नाच्या मांडवाला त्याची झुपकेदार पाने आणि पिणाऱ्यांना त्याची माडी. दुष्काळात मात्र तो आडवा पाडून बुंध्यातला गाभा कुटत आणि त्यातून निघणारे पीठ धुऊन खात. कोकणातल्या वनबागेत धान्याच्या जागी बसू शकेल असे झाड शोधायचे तर ते हे. पण ते एकदाच कापता येते.

केरळ हे परसबागांचे जगप्रसिद्ध राज्य. घर तिथे माड, माडाखाली केळी, केळीखाली आले-सुरण, असा आराखडा जगातल्या प्रत्येक कृषिवनीकरणाच्या पुस्तकात आहे. तेच केरळ आपल्या गरजेच्या तांदळाचा लहानसा हिस्सा स्वतः पिकवते आणि बाकी शेजारच्या राज्यांकडून घेते. खाचरे बुजवून त्यांवर माड, केळी, मग घरे, असे इतके झाले, की २००८ साली सरकारला भातखाचरे आणि पाणथळ जमीन वाचवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. गोव्यानेही २०२३ साली भातशेती बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून कायदा केला. बाग वाचवायचा कायदा कुणी केला नाही. तिची राखण तिचा भाव करतो. खाचराला भाव आला तो प्लॉट म्हणून.

फोंड्याच्या त्या मांडवात तीन वाजेपर्यंत जेवणे उरकतात. गाड्या निघून जातात. मागे उरलेली केळीची पाने दोघीजणी गोळा करून पाटीत भरतात आणि गोठ्यापुढे नेऊन टाकतात. गाय पान उलगडून आधी त्याला चिकटलेला भात शीत न्‌ शीत चाटून घेते, मग पानाकडे वळते.